मास्तरांच्या टेबलाखालची गोणी

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: ब्लाउजच्या कापडावर खडूच्या रेघा. कात्री चालू होते.)

कात्री खडूच्या रेघेवरून वळते आणि गळ्याचा तुकडा खाली पडतो. मग बगलेचे दोन. मग बाहीच्या कडेचे, जरा लांबट. पीस मीटरभराचा असो की 80 सेंटिमीटरचा, थोडं कापड उरतंच. अंग गोल आणि कापड सरळ, त्याला मास्तर तरी काय करणार?

ठाण्यात, नौपाड्यातलं हे दुकान. मास्तर दिवसभर उभ्यानं कापतात, मागे दोन कारागीर शिवतात. टेबलाखाली ही गोणी आहे. लग्नसराईत ती बघता बघता भरते. नवरात्राच्या आधी आत डोकावलं तर यंदाचे नऊ रंग कोणते, ते पंचांग न बघता कळतं.

(दृश्य: गोणी फरशीवर उपडी केली जाते.)

टू बाय टू रुबिया. पॉपलीन. खणाचा काठ. ब्रोकेड, जॉर्जेट, अस्तराचं कापड. मध्येच एक हूक, तुटकी सुई आणि चहाचा कागदी कप. त्या कपात घोटभर चहा उरला असेल, तर आजूबाजूची मूठभर कातरण गेली. कातरणीचं खरं दुखणं हेच आहे. ती छोटी असते म्हणून वाया जात नाही, सगळी एकात एक पडते म्हणून जाते.

यावर तोडगा साधा निघाला. या कातरणीतून टेबल रनर, म्हणजे जेवणाच्या टेबलावर मधोमध अंथरायची लांब पट्टी, शिवणाऱ्या किसननगरच्या ताईंनी मास्तरांच्या टेबलाला दोन पिशव्या अडकवल्या. एकीत फक्त सुती, दुसरीत बाकी सगळं. मास्तर कुरकुरत का होईना, ते पाळतात. कापता कापता हात दोन ठिकाणी न्यायचा म्हणजे त्यांचा वेळ जातो, हे मान्यच करायला हवं. पण ज्या बायका ब्लाउज शिवायला टाकतात त्यांनी ‘उरलेलं कापड परत द्या’ एवढं म्हटलं, तर पिशव्यांचीही गरज उरणार नाही. जुन्या बायका मागून घ्यायच्या. मास्तर सांगतात, एखाद्या आजी अजूनही मागतात.

दुसऱ्या पिशवीतलं घंटागाडीत जातं. देशात वर्षाला सुमारे 78 लाख टन कापडाचा कचरा जमा होतो, असं ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेचा 2022 सालचा अहवाल सांगतो.

(दृश्य: तलावपाळी, पाऊस. जांभळी नाक्यावरची गर्दी. पोखरण रोडवरचे टॉवर, खालून वर.)

कापड आणि ठाणं यांचं नातं फार जुनं. तेराव्या शतकाच्या अखेरीला मार्को पोलोनं ठाण्याबद्दल लिहिलं, तेव्हा इथल्या सुती कापडाचा उल्लेख केला होता. 1925 साली इथे रेमंडची लोकरी कापडाची गिरणी उभी राहिली. आज गिरणीच्या जमिनीवर निवासी टॉवर आहेत. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत झाली वागळे इस्टेट. तिथे कामाला आलेल्या माणसांनी आजूबाजूला बिऱ्हाडं केली. किसननगर त्यातलंच.

(दृश्य: किसननगर. दोन इमारतींमधली बोळ, वर ताडपत्री. जिना. दार उघडं आहे.)

मावशी मूळच्या माण तालुक्यातल्या. मालक वागळेत कामाला होते, त्यांच्यामागे त्या इथे आल्या. येताना दोन वाकळा आणल्या. गोधडीला त्यांच्याकडे वाकळ म्हणतात. ही त्यातली एक.

(दृश्य: वाकळ पलंगावर पसरली जाते. टाक्यांचा क्लोज-अप. इथे निवेदन थांबतं, मावशींचा हात दिसू द्यावा.)

नऊवारी लुगडं साधारण आठ मीटरचं. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली की माणसाला पांघरता येईल एवढ्या लांबीचे चार थर मिळतात. वर-खाली जरा बरं कापड, आत फाटकं. मग धावदोरा. कडेनं सुरू करायचं, चौकोनात चौकोन घेत मध्याकडे यायचं. टाका सारखा पडतो, कारण एक हात वर असतो आणि एक खाली, आणि सुई कुठे निघाली ते खालच्या बोटाला आधी कळतं.

ताई शेजारच्या. टेलरिंगचा कोर्स केलेला, घरी मोटर लावलेली शिलाई मशीन. टेबल रनर करायचं ताईंच्या मनात आलं आणि हात मावशींचा लागला. या दोघींपैकी कुणाच्याही घरी डायनिंग टेबल नाही. रनरचं माप त्या फरशीवर काढतात. फरशा दोन फुटांच्या आहेत, ते सोयीचंच पडतं.

माप असं: टेबल पाच फुटांचं, म्हणजे 60 इंच. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच खाली सुटायला हवं. झाले 72. रुंदी टेबलाच्या साधारण एक तृतीयांश, 12 इंच. 12 इंचांच्या सहा चौकटी एकापुढे एक ठेवल्या की रनर तयार. कागदावर.

(दृश्य: कातरणीचा ढीग. काडी पेटते.)

आधी परीक्षा. प्रत्येक कापडाचा एक धागा काढून जाळायचा. सुती असेल तर सरसर जळतो, कागद जळाल्याचा वास येतो, राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी होतो. तो तुकडा बाजूला. दिसायला कितीही छान असला तरी बाजूलाच, कारण रनरवर गरम भांडं येणार, पाणी सांडणार, आणि पॉलिस्टर एकाला वितळू शकतं आणि दुसरं शोषत नाही.

(दृश्य: बादलीत तुकडे. लाल पाणी. गॅलरीत दोऱ्यांवर लटकलेली कातरण, बाहेर मुसळधार.)

मग धुणं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर एक पट्टी आखडते, शेजारची तशीच राहते आणि सगळी चौकट वेडीवाकडी होते. लाल आणि गर्द निळ्याचा भरवसा नाही. ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा. डाग पडला की पुन्हा पाण्यात.

आम्ही गेलो ते दिवस पावसाचे होते. चिमूटभर तुकडे वाळवायला अख्खी गॅलरी लागली आणि तरी ते दमटच. शेवटी इस्त्रीनं वाळवले.

(दृश्य: स्टीलची पट्टी, खडू, कात्री. पट्ट्यांचे गठ्ठे.)

आता या तुकड्यांची वाटणी बघा, कारण रनर इथेच जमतो किंवा फसतो. चौकटीच्या मध्यात अडीच इंचांचा एक चौकोन. तो गळ्याच्या तुकड्यातून निघतो. त्याच्याभोवती दीड इंचाच्या पट्ट्या, एकापुढे एक, चारही बाजूंनी फिरत. अशा पाच फेऱ्या. आतल्या पट्ट्या आखूड, त्या बगलेच्या तुकड्यांतून. बाहेरच्या लांब, त्या बाहीच्या कडांतून. मास्तरांनी ज्या आकारात टाकून दिलं, जवळजवळ त्याच आकारांना इथे जागा मिळते. एका चौकटीत एक चौकोन आणि 20 पट्ट्या. सहा चौकटींत 126 तुकडे.

कापताना धागा बघायचा. कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला धरूनच पट्टी निघाली पाहिजे. गळ्याचा तुकडा गोल असतो, घाईत पट्टी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, निघते, आणि उरेब पट्टी मशीनखाली ताणली जाते. गळ्याला पायपिंग करताना हाच ताण उपयोगी पडतो. इथे तो नको.

(दृश्य: मावशी पट्ट्या फरशीवर मांडतात. ताई मोबाइलवर फोटो काढतात.)

रंग मावशी लावतात. चौकटीच्या दोन बाजू फिक्या, दोन गडद. पुढे चौकटी फिरवून जोडल्या की फिक्या-गडदाची नागमोड तयार होते. पण गडद म्हणजे काय, यावर दोघींचं एकमत होत नाही. शेंदरी गडद की फिका? मग ताई मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करतात. शेंदरी करडा दिसतो, हिरवाही करडा दिसतो, कुठला करडा जास्त गडद ते कळतं आणि तंटा मिटतो. मावशी डोळे बारीक करून बघतात आणि बहुतेक वेळा फोटोच्या आधीच बरोबर सांगतात.

(दृश्य: मशीन. सुई, पट्टी, दोरा. निवेदन नाही. 20 सेकंद फक्त मशीनचा आवाज.)

शिवणीला पाव इंच कापड सोडायचं. शिंप्याच्या भाषेत दोन सूत. दोन्ही कडांचं जाऊन दीड इंचाची पट्टी एक इंचाची उरते. इथे हात ढिला चालत नाही. प्रत्येक कडेला अर्धं सूत जास्त गेलं, तर एका शिवणीत एक सूत खपतं. चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिवणी येतात दहा. म्हणजे दहा सूत, सव्वा इंच. 12 इंचांची चौकट पावणेअकरा इंचांची होणार आणि शेजारच्या चौकटीला कधीच भिडणार नाही. म्हणून ताईंनी मशीनच्या पत्र्यावर, सुईपासून बरोबर दोन सुतांवर, चिकटपट्टी लावून ठेवलीय. कापडाची कड तिला टेकवून चालवायचं.

प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री. इस्त्री वरून दाबायची आणि उचलायची. सरकवली की पट्टी ताणते. हे अगदी कंटाळवाणं काम आहे आणि आम्ही ते फार दाखवलेलं नाही. पण रनर सपाट पडतो तो याच्यामुळे.

(दृश्य: जुनी सोलापुरी चादर. कात्री लावताना मावशी क्षणभर थांबतात.)

आतला थर. बाजारात पॉलिस्टरची फुगीर वॅडिंग मिळते. तिनं रनर गुबगुबीत दिसतो, पण त्यावर ठेवलेला पाण्याचा पेला डुगडुगतो. टेबलावरच्या वस्तूला गुबगुबीतपणा काय कामाचा? या दोघी धुऊन धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर घालतात, एकच पदर. ही चादर मावशींच्या घरची.

खाली अस्तर, मध्ये चादर, वर चौकटी. तिन्ही थर फरशीवर ताणून कच्च्या टाक्यांनी धरले. आता दोरे घालायचे, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवायचे. आणि इथे वाद झाला.

(दृश्य: दोघी मशीनजवळ. ध्वनिमुद्रण मूळचं ठेवावं.)

ताई: मावशी, मधून सुरू करा, मधून.
मावशी: वाकळ काय मधनं घालत्यात व्हय? कडंनं आत यायचं.
ताई: अहो, हे मशीन आहे.
मावशी: मग मशीनला सांग की.

मावशींनी कडेनं घातलेला पहिला नमुना त्यांनी जपून ठेवलाय. मध्यावर बघा, कापडाचा फुगा आलाय. मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात. वरचा थर मशीनच्या सुईजवळच्या पायाखाली दबून किंचित मागे राहतो. प्रत्येक ओळीला थोडं थोडं कापड पुढे सरकत जातं, आणि चारही कडांकडून सरकलेलं कापड मध्ये अडकतं. त्याला जायला वाट नसते. मधून बाहेर शिवत गेलं तर ते कडेनं निघून जातं. हातानं घालताना ही अडचण येत नाही. खालचा हात प्रत्येक टाक्याला थर सारखे करत असतो. दोघीही बरोबर होत्या. त्यामुळे आता लांब सरळ ओळी ताई मशीनवर मधून बाहेर घालतात आणि चौकटींच्या आतले दोरे मावशी हातानं, कडेनं आत.

तुम्ही रनर हातात घेतलात तर उलटा करून बघा. मशीनचे टाके कुठे संपतात आणि मावशींचे कुठे सुरू होतात, ते मागच्या बाजूनं दिसतं. पुढून शोधावं लागतं.

(दृश्य: गोट. कोपरा दुमडला जातो, तीनदा, जवळून.)

शेवटी गोट, म्हणजे कडांवरून वळवून शिवायची पट्टी. अडीच इंचांच्या पट्ट्या जोडून सुमारे 180 इंच लांबी करायची. कडा सरळ आहेत, त्यामुळे सरळ पट्टी चालते. गोट पुढून मशीननं, मागे वळवून हातानं हेम. कोपऱ्याला आल्यावर पाव इंच आधी थांबायचं, पट्टी वर दुमडायची, पुन्हा खाली आणायची. घडी नीट पडली की कोपऱ्यात तिरकी रेघ उमटते. या कोपऱ्यावरून ताई दुसऱ्याचं काम जोखतात. आमच्यासमोर त्यांनी एका प्रदर्शनातून आणलेल्या रनरचा कोपरा दाखवला आणि काही न बोलता तो खाली ठेवला.

(दृश्य: तयार रनर, टॉवरमधल्या घरात, टेबलावर. खिडकीतून येऊरचे डोंगर.)

रनर बहुतेक ओळखीतून विकले जातात. दोघींच्या तासांचा हिशेब केला तर मजुरी सुटत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी ताई चार ओळींची चिठ्ठी सोबत देतात. पहिल्यांदा वेगळा धुवा, थंड पाण्यात. पिळू नका. उलट्या बाजूनं, सावलीत वाळवा. चौथी ओळ मावशींनी सांगून घातलेली आहे: आमटीचा डाग पडला तर साबण लावल्यावर तो लाल होईल, घाबरू नका, ती हळद आहे. धुऊन तेवढ्यापुरता उन्हात टाका, जातो.