तीन मिनिटांचं भावगीत

(पडद्यावर: फिरणारी काळी तबकडी. पिन टेकते. खरखर.)

पिन टेकल्यापासून घड्याळ लावा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मिळतात. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे गाणं संपेपर्यंत अडीचशेच्या आसपास. मराठी भावगीताचा बांधा ठरला तो या अडीचशे फेऱ्यांत.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणाला बसल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात थेट गायचं, त्या जोरावर भोंग्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरणार आणि सुई मेणावर चर कोरणार. तिथे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा खडा आवाजच चाले. हळुवार गाणं मेणावर उमटायचंच नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीला आपल्याकडे विजेवरचं, मायक्रोफोन वापरणारं मुद्रण आलं आणि गायकाला आवाज खाली आणता आला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली, ती याच काळात. तबकडी निघाली आणि शेजारी बसून बोलावा तसा आवाज घराघरांत ऐकू आला.

(पडद्यावर: हाताने लिहिलेला गाण्याचा कागद. तीन कडव्यांवर काट मारलेली.)

आता हिशेब मांडू. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. सुरुवातीच्या वाद्यांना दहा-बारा. ध्रुवपदाला वीस. तीन कडवी, प्रत्येकी पस्तीस. मधल्या दोन म्युझिक पीसना आठ-आठ, आणि दर कडव्यानंतर ध्रुवपदाची एकच ओळ. बेरीज करून पाहा, निवांत आलापाला जागाच उरत नाही. कवितेत सहा कडवी असतील तर तीन गाळायची. रागाचा विस्तार करायला वेळ नाही, म्हणून चालीचा सगळा रंग पहिल्या ओळीतच दिसला पाहिजे. आणि ध्रुवपद तीन मिनिटांत चारदा कानावर पडतं. दुसऱ्यांदा तबकडी लावली की ऐकणारा सोबत गुणगुणू लागतो. ही गाणी इतकी टिकली, त्याचं मोठं कारण आमच्या मते हेच. ती ऐकणाऱ्याच्या तोंडी बसतात.

रेडिओला तबकडीची अट नव्हती. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक गाणं, अशी ५६ गाणी. ‘पराधीन आहे जगती’ला तर दहाच्या आसपास कडवी आहेत. तरी ते लोकांना पाठ आहे. कारण कडवी कितीही झाली, तरी ध्रुवपद परत येतंच.

पुढे एका बाजूला वीस मिनिटं मावणारी लाँग प्ले तबकडी आली, तरी भावगीत तीन-चार मिनिटांचंच राहिलं. तोवर कानाला तेच माप बसलं होतं.

(पडद्यावर: तबकडीचा चर, अगदी जवळून.)

या जुन्या तबकड्या आज संगणकावर उतरवताना दोन चुका हमखास होतात. पहिली सुईची. ७८च्या तबकडीचा चर रुंद असतो, त्याला साधारण ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुई लागते. लाँग प्लेची २५ मायक्रॉनची सुई चराच्या तळाशी, धुळीतून घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच मोठी येते. दुसरी चूक वेगाची. ७८ऐवजी ८२-८३ फेरे झाले, की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पुढच्या पट्टीत, चढतं आणि ओळखीचा आवाज कोवळा, परका वाटू लागतो. म्हणून शेजारी पेटी ठेवा, षड्ज, म्हणजे ‘सा’, जुळवा आणि मगच मुद्रण सुरू करा.

तबकडी लाखेची आणि दगडाच्या भुकटीची. तिच्यावर पोलादी पिन एका बाजूतच झिजायची, म्हणून दर बाजूला नवी लावायची. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर चर सरकतो, आत जाईपर्यंत निम्म्याहून कमी. म्हणून शेवटच्या कडव्यात ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात.

(आवाज वाढतो. शेवटचं कडवं, मग ध्रुवपदाची एक ओळ. पिन आतल्या रिंगणात फिरत राहते.)