भिंतीपलीकडे उडी मारणारा ठिपका: इनडोअर ट्रॅकिंगला कोणता फिल्टर?

नमस्कार! स्क्रीनवरचा हा निळा ठिपका बघा. माणूस कॉरिडॉरमधून सरळ चाललाय, आणि ठिपका मात्र मधेच भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन येतोय. छताखाली जीपीएस फारसं चालत नाही, म्हणून आपण वाय-फाय, ब्लूटूथ किंवा यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे अंतर मोजू शकणारा रेडिओ) लावतो. पण हे सिग्नलही भिंतींवर, लोखंडी कपाटांवर आपटत येतात. मग हे गाळायचं कसं?

सगळ्यात सोपी सरासरी. शेवटच्या 10 रीडिंगची सरासरी घेतली की ठिपका शांत होतो. पण हिशेब करून बघा. सेकंदाला एक रीडिंग धरलं, तर ही सरासरी साडेचार सेकंद शिळी असते. माणूस सेकंदाला साधारण 1.4 मीटर चालतो. म्हणजे ठिपका 6 मीटरहून जास्त मागे! चालत्या माणसासाठी मी हे वापरणार नाही.

दुसरा काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेला, पुढे अपोलो मोहिमांत वापरलेला. तो वेगावरून पुढची जागा आधीच ताडतो. मग रीडिंग आलं, की अंदाजावर किती विसंबायचं आणि रीडिंगवर किती, हे दर वेळी नव्याने ठरवतो. इमारतीत बसवलेल्या उपकरणांपासूनच्या अंतरांवरून जागा काढायची असेल तर त्याचं ‘एक्स्टेंडेड’ रूप लागतं.

खरी मेख इथेच आहे. चूक दोन्ही बाजूंना सारखीच होते, असं काल्मन धरून चालतो. यूडब्ल्यूबी अंतर मोजतं ते सिग्नलला लागलेल्या वेळावरून. थेट वाट अडली, की सिग्नल वळसा घालून येतो. आणि वळसा सरळ वाटेपेक्षा लांबच असणार! एका नॅनोसेकंदाचा उशीर म्हणजे 30 सेंटिमीटर. चूक एकाच बाजूला, आणि फिल्टर भाबडेपणाने तिकडे ओढला जातो. म्हणून अंदाजापासून फारच लांब पडलेलं रीडिंग दारातूनच परत पाठवायचं. याला गेटिंग म्हणतात. फक्त दार फार अरुंद ठेवू नका. माणूस अचानक वळला, तर खरी रीडिंगही बाहेर राहतात आणि ठिपका सरळ पुढे निघून जातो.

आणि माझा आवडता, पार्टिकल फिल्टर. गॉर्डन, सॅल्मंड आणि स्मिथ यांचा 1993 चा पेपर. हजारभर कण सोडायचे. प्रत्येक कण म्हणजे ‘माणूस इथे असेल’ असा एक अंदाज. रीडिंगशी न जुळणारे कण गळतात, जुळणारे वाढतात. त्याला इमारतीचा नकाशा द्या, की भिंतीतून आरपार गेलेला कण तिथेच बाद! गणित मात्र जड, बॅटरी खातं.

यूडब्ल्यूबी हाताशी असेल, तर मी काल्मन आणि गेटिंगनेच सुरुवात करीन. नुसत्या वाय-फायच्या सिग्नलची ताकद मोजत असाल, तर चूक काही मीटरांची असते; तिथे नकाशा मिळवा आणि कण सोडा.