हिरडीला धरून बसणारा जंतू
(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पायोरियात पडलेला दात हातात घेऊन पाहा. अनेकदा त्याला कीड नसते, भोक नसतं. झिजलेलं असतं ते मुळाभोवतीचं हाड. या झिजेमागच्या जंतूंपैकी सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसचा. १९९८ साली दंतसंशोधक सोक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडीखालच्या जंतूंचे गट पाडले, तेव्हा आणखी दोघांबरोबर याला त्यांनी 'लाल गटात' घातलं, म्हणजे आजाराशी सर्वांत घट्ट नातं असलेल्यांत.

प्राणवायू याला मानवत नाही, म्हणून तो दात आणि हिरडीमधल्या फटीत खोल शिरतो. तिथे हिरडीतून द्रव सतत पाझरत असतो. वाहून जायचं नसेल तर धरून बसायलाच हवं. आपल्या खडपांवरचे शिनाणे लाटांच्या माऱ्यात बारीक धाग्यांनी दगड धरून राहतात ना, तसे या जंतूच्या अंगावरही प्रथिनांचे तंतू असतात. त्यांतल्या लांब तंतूंचं मुख्य प्रथिन ज्या जनुकातून घडतं, ते फिम-ए.

आता खरी गंमत ऐका. एकाच जातीचा जंतू, पण फिम-ए सगळ्यांत सारखं नाही. एक, एक-ब, दोन, तीन, चार, पाच असे त्याचे सहा प्रकार आहेत. जपानमधल्या अमानो यांच्या गटाला आजारी हिरड्यांत दुसरा प्रकार ठळकपणे आढळला, निरोगी तोंडांत पहिला अधिक. म्हणजे 'जंतू आहे की नाही' एवढं विचारून भागत नाही, कुठल्या तंतूचा आहे तेही विचारावं लागतं.

ते शोधायची रीत मला फार देखणी वाटते. कागदाची टोकदार काडी हिरडीच्या फटीत थोडा वेळ ठेवायची. तिने टिपलेल्या द्रवातून डीएनए काढायचा, प्रत्येक प्रकारासाठी वेगळा प्रायमर (हवा तो तुकडा नेमका हेरणारा डीएनएचा छोटा धागा) घालून पीसीआर करायचा, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, आणि त्या प्रती विजेच्या जोरावर जेलच्या पातळ थरातून सरकवल्यावर कुठला पट्टा उमटतो ते बघायचं. हा जंतू रक्त घातलेल्या माध्यमावर, हवेपासून जपून, सावकाश वाढतो. ती वाट पाहणं यात वाचतं.

पण एका जनुकावर निकाल देऊ नये. याच जंतूच्या डब्ल्यू-८३ नावाच्या वाणाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंगावर तंतू फारच थोडे, तरी प्रयोगातल्या उंदरांना तो जबर आजारी पाडतो. त्याच्याकडे प्रथिनं कापणारी जिंजिपेन नावाची विकरं आहेत.

आणि आपल्याकडे मशेरी आहे! सिगारेटच्या धुराच्या अर्कात वाढवलेला हा जंतू फिम-ए प्रथिन जास्त बनवतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे दुखणं लपून राहतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो रोज थेट हिरडीवर चोळला तर तिथले कुठले प्रकार फोफावतात, हे धुराच्या प्रयोगावरून ठरवता येणार नाही. त्यासाठी नमुने इथल्याच आयाबायांच्या तोंडातून घ्यायला हवेत. जपानी तोंडांतले आकडे आपण किती दिवस उसने वापरायचे? दंतवैद्यकाची एखादी विद्यार्थिनी कागदी काडी घेऊन तुमच्या दारी आली, तर तिला ओटीवर बसवा, नमुना द्या आणि घरात मशेरी कोण कोण लावतं, तेही तिला खरं सांगा.