एक साचा, अनेक डोमेन

[दृश्य: एडिटर. कर्सर एका ओळीवर थांबलेला.]

ही ओळ नीट पाहा. 'कनेक्शन मोड', आणि पुढे 'टेनंट-ओन्ली'. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंटवर, म्हणजे वेबसाइटचा मजकूर जगभरच्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या सेवेवर, डिस्ट्रिब्युशन (मजकूर कसा पोचवायचा याची मांडणी) मल्टी-टेनंट, म्हणजे अनेक ग्राहकांसाठी एकच, होतं ते या एका ओळीनं. ही सोय एप्रिल २०२५मध्ये आली. त्याआधी, समजा, शेकडो शाळांना वेबसाइट पुरवणारी सेवा असेल, तर दोनच वाटा होत्या. एकतर प्रत्येक शाळेचं वेगळं डिस्ट्रिब्युशन सांभाळायचं, नाहीतर सगळी डोमेनं एकाच डिस्ट्रिब्युशनमध्ये कोंबायची.

आता कॅशिंगचे (मजकुराची प्रत जवळ ठेवण्याचे) नियम, हेडर, ओरिजिन (मूळ मजकूर जिथे आहे ती जागा) हे सगळं एका साच्यात, म्हणजे या मल्टी-टेनंट डिस्ट्रिब्युशनमध्ये, लिहायचं. साच्याला स्वतःचं डोमेन नसतं आणि तो ब्राउझरला थेट उत्तर देत नाही. उत्तर जातं ते टेनंटमार्फत. एका शाळेचा एक टेनंट: त्याचं नाव, त्याची डोमेनं आणि त्याचे पॅरामीटर.

[दृश्य: ओरिजिन पाथची ओळ, अगदी जवळून.]

तिरकी रेघ, मग दुहेरी महिरपी कंस, आणि कंसात पॅरामीटरचं नाव. टेनंट तयार करताना या नावाला जी किंमत देऊ, ती इथे येऊन बसते. एकाच एस-थ्री बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवायच्या जागेत) प्रत्येक शाळेचं फोल्डर असेल, तर एवढं पुरतं. साच्यात हा पॅरामीटर 'आवश्यक' म्हणून नोंदवा, डिफॉल्ट देऊ नका. डिफॉल्ट दिला आणि किंमत लिहायची राहिली, तर एका शाळेच्या डोमेनवर भलत्याच फोल्डरमधला मजकूर दिसेल, आणि कुठेही त्रुटी येणार नाही.

[दृश्य: ब्राउझर. पांढऱ्या पानावर ४०३.]

किंमत दिली पण स्पेलिंग चुकलं, तर हे पान दिसतं. फाइल सापडली नाही म्हणून ४०४ येईल असं वाटतं. पण बकेटची यादी वाचायची परवानगी नसेल, तर एस-थ्री ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', देतं. मग माणसं तासन्‌तास बकेट पॉलिसी तपासत बसतात. आधी पॅरामीटर पाहा. जुनं डिस्ट्रिब्युशन साच्यात आणत असाल, तर बकेट फक्त क्लाउडफ्रंटला उघडी ठेवायची जुनी पद्धत, ओरिजिन ॲक्सेस आयडेंटिटी, इथे चालत नाही, नवं ओरिजिन ॲक्सेस कंट्रोल लागतं. टीटीएलच्या (प्रत किती वेळ ठेवायची त्याच्या) जुन्या सेटिंगऐवजी कॅश पॉलिसी लागते.

साचा क्लाउडफॉर्मेशनमध्ये किंवा सीडीकेमध्ये, म्हणजे रचना फाइलमध्ये वा कोडमध्ये लिहून ठेवायच्या ॲमेझॉनच्या साधनांत, ठेवा. टेनंट मात्र त्याच स्टॅकमध्ये (एकत्र तयार होणाऱ्या रिसोर्सच्या गटात) घालू नका. एका टेम्प्लेटमध्ये ५०० रिसोर्सची मर्यादा आहे, आणि एका शाळेच्या डीएनएसपायी (डोमेनच्या पत्त्याच्या नोंदींपायी) अख्खा स्टॅक अडकायला नको. टेनंटसाठी एसडीकेमधून (ॲमेझॉनच्या कोड-लायब्ररीतून) 'क्रिएट डिस्ट्रिब्युशन टेनंट' बोलवा. यादी रिपॉझिटरीत किंवा डेटाबेसमध्ये असू दे, पण ती एकाच ठिकाणी असावी. कन्सोलवर हातानं केलेला टेनंट त्या यादीत नसतो, आणि सहा महिन्यांनी तो कुणी केला, कशासाठी केला, हे कुणालाच सांगता येत नाही.

[दृश्य: टर्मिनल. 'पेंडिंग व्हॅलिडेशन' हे शब्द पुन्हा पुन्हा उमटताहेत.]

खरं काम इथे आहे. शाळेचं डोमेन शाळेच्या ताब्यात, सुरक्षित जोडणीसाठीचं (एचटीटीपीएस) प्रमाणपत्र हवं आपल्याला. सबडोमेन आपल्याच डोमेनखालचं असेल, तर साच्याला जोडलेलं एक वाइल्डकार्ड प्रमाणपत्र पुरतं. ते मागवायचं मात्र उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्येच. शाळेचं स्वतःचं डोमेन असेल, तर टेनंटच्या विनंतीतच क्लाउडफ्रंटकडे प्रमाणपत्र मागता येतं. त्यात एक निर्णय घ्यावा लागतो: डोमेन ताब्यात आहे हे सिद्ध करणारं पडताळणीचं टोकन कोण दाखवणार?

डोमेन नवं आहे, त्यावर अजून काही चालत नाही, तर 'क्लाउडफ्रंट' निवडा. शाळेनं आपला सीनेम (एक डोमेन दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) कनेक्शन ग्रुपच्या (टेनंटकडे येणारी रहदारी ज्यातून येते त्याच्या) राउटिंग एंडपॉइंटकडे वळवला, की टोकन क्लाउडफ्रंटच दाखवतं. डोमेनवर आधीपासून वेबसाइट चालू असेल, तर 'सेल्फ-होस्टेड', म्हणजे टोकन आपणच दाखवायचं. नाहीतर प्रमाणपत्र मिळेपर्यंत पालकांना बंद वेबसाइट दिसेल.

[दृश्य: प्रमाणपत्राच्या तपशिलाचा प्रतिसाद, दोन ओळी ठळक.]

'रिडायरेक्ट फ्रॉम' आणि 'रिडायरेक्ट टू'. जुन्या सर्व्हरवर पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्याकडे वळवायचं, बस. हा पाथ 'वेल-नोन'च्या आधी टिंब लावून सुरू होतो, आणि टिंबानं सुरू होणारं सगळं अडवायचा नियम पुष्कळ सर्व्हरवर असतो. दुसरा अडथळा सीएए नोंदीचा (डोमेनसाठी प्रमाणपत्र कोण देऊ शकतं हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा). डोमेनवर सीएए असेल आणि त्यात ॲमेझॉनचं नाव नसेल, तर प्रमाणपत्र निघत नाही. या दोन्ही गोष्टी विनंती पाठवण्याआधीच कोडनं तपासून घ्या. पडताळणीला ७२ तासांची मुदत असते. शाळेचा डीएनएस सांभाळणारा माणूस सुट्टीवर असला, तर ती सहज संपते.

प्रमाणपत्र 'इश्यूड' झालं म्हणून थांबू नका. ते टेनंटला जोडलेलं आहे का, डोमेनची स्थिती 'ॲक्टिव्ह' आहे का, हे विचारा. सेल्फ-होस्टेड असेल, तर यानंतरच सीनेम वळवायला सांगा. मुख्य डोमेनला (पुढे www वगैरे नसलेल्या) सीनेम लावता येत नाही. त्यासाठी राउट ५३चा (ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेचा) एलियस किंवा कनेक्शन ग्रुपला ॲनीकास्ट (ठरलेले, न बदलणारे) आयपी लागतात. आणि डोमेन आधीच दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनला जोडलेलं असेल, तर ते हलवायची वेगळी आज्ञा आहे. तिथून काढून इथे जोडायच्या खटाटोपात वेबसाइट मधेच बंद पडते.

[दृश्य: दोन टर्मिनल शेजारी शेजारी, डावीकडे ४१२.]

बदल करताना आधी टेनंट वाचा, त्याचा ईटॅग (त्या आवृत्तीची खूण) घ्या, आणि तोच 'इफ-मॅच'मध्ये पाठवा. मधल्या काळात दुसऱ्या कुणी बदल केला असेल, तर ४१२ येतो. मग पुन्हा वाचा, आपला बदल त्यावर करा. जुनाच ईटॅग परत परत पाठवणारी स्क्रिप्ट कधीच पुढे सरकत नाही. एका शाळेचा मजकूर बदलला, तर त्याच टेनंटपुरतं इन्व्हॅलिडेशन (कॅशमधली जुनी प्रत बाद करणं) करता येतं. बाकीच्यांचा कॅश तसाच राहतो.

शाळा सोडून गेली, तर टेनंट आधी डिसेबल करा, स्थिती 'डिप्लॉइड' होऊ द्या, मगच डिलीट. आपला सीनेम मात्र शाळेलाच काढावा लागतो, तेव्हा तसं लेखी कळवा.