मुळाशी औषध

(दृश्य : निफाड तालुका. डिसेंबरची पहाट, द्राक्षबागेच्या बांधावर शेकोट्या.)

थंडीनं मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून घरातली सगळी माणसं बागेत शेकोट्या पेटवतायत. ओसरीवर आत्या एकटी. समोर वॉकर, डावा पाय स्टुलावर सरळ. ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता मण्यांत पाणी उतरायला लागलंय. किती दिवस झाले, हे तिला कॅलेंडर न बघता कळतं.

हे तिचं दुसरं ऑपरेशन. पहिल्यात गुडघा बदलला होता आणि वर्षभर तो छान चालला. मग सांधा हाताला गरम लागायला लागला. टाक्यांच्या रेषेवर मुगाएवढी पुळी आली, फुटली आणि वाहायला लागली. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या मीच आणून दिल्या. आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. अशा गोळ्या पोटात असताना सांध्यातलं पाणी तपासलं, तर जंतू असूनही रिपोर्टमध्ये सापडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आधी गोळ्या बंद केल्या, दोन आठवडे थांबलो, तेव्हा कुठे तपासणी झाली.

गोळ्यांनी का भागत नाही? औषध रक्तातून जातं आणि धातूच्या सांध्यात रक्त नसतं. जंतू त्या धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, ''म्हणजे रोग मुळाला, आणि आपण फवारतोय पानांवर.''

(दृश्य : ऑपरेशन थिएटर. वाडग्यात पांढरी पावडर.)

पावडर ४० ग्रॅम, द्रव २० मिलिलिटर. द्रव ओतला की नाकात झोंबणारा वास येतो. हे हाडाचं सिमेंट, म्हणजे एक प्रकारचं ॲक्रिलिक. ते गोंदासारखं चिकटवत नाही. हाड आणि धातू यांच्यामधली फट गिलाव्यासारखी भरून काढतं. द्रव घालण्याआधी पावडरीत अँटिबायोटिकची पूड मिसळतात, जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन. घट्ट होताना सिमेंट चांगलंच तापतं, त्यामुळे उष्णतेत टिकणारं औषधच इथे चालतं. थोड्याच मिनिटांत मिश्रण भिजवलेल्या कणकेसारखं होतं. हातमोज्याला चिकटेनासं झालं की साच्यात घालायचं. नंतर ते दगडासारखं होतं.

१९७० मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गचे बुखहोल्झ आणि त्यांचे सहकारी एंगेलब्रेख्त यांनी सिमेंटमधून अँटिबायोटिक झिरपतं, हे मांडलं. दगडासारख्या वस्तूतून औषध बाहेर येईल, यावर माझा तरी आधी विश्वास बसला नव्हता. पण त्यात बारीक छिद्रं असतात. पहिल्या काही दिवसांत औषध भरभरून सुटतं, मग आठवडेच्या आठवडे थेंबथेंब. आत खोल अडकलेलं बरंचसं तिथेच राहतं. तरीही सांध्यात औषधाचं प्रमाण इतकं वाढतं, की तेवढं सलाईनमधून द्यायचं म्हटलं तर मूत्रपिंडांना झेपणार नाही.

आत्याचा जुना सांधा काढला. हाड खरवडून, धुऊन स्वच्छ केलं आणि मधल्या पोकळीत या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवला. डॉक्टर त्याला स्पेसर म्हणतात. त्यात औषध जास्त घालतात, पावडरीच्या ४० ग्रॅमच्या पाकिटामागे कधी ४ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त. तेवढ्यानं सिमेंट कमजोर होतं. कायमच्या सांध्याला ते चाललं नसतं, पण हा थोड्या महिन्यांचा पाहुणा आहे. म्हणूनच पायावर पूर्ण भार द्यायचा नाही. सोबत सहा आठवडे शिरेतून औषध झालं. त्या काळात मूत्रपिंडं ठीक आहेत ना, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासत होते.

हे मधले महिने सगळ्यात अवघड. दुखणं कमी होतं आणि माणसाला वाटतं, झालं की बरं! काही जण परत दवाखान्यात जातच नाहीत. पण सिमेंट विरघळत नाही. त्यातलं औषध ओसरलं की उरतो तो नुसता परका दगड, आणि त्यावरही जंतू घर करू शकतात.

(दृश्य : ओसरी. ऊन पायरीपर्यंत आलंय. ठिबकच्या नळीतून पाणी टपकतंय.)

''आत्या, गुरुवारी नाशिकला जायचंय. रक्ताचा रिपोर्ट मिळेल. सूज उतरलेली दिसली, तर नव्या गुडघ्याची तारीख देतील.''

''आणि नाही उतरली तर?''

''तर आतलं सिमेंट काढून, धुऊन, पुन्हा नवं घालावं लागेल.''

ती वॉकर जवळ ओढते. बागेतून कुणीतरी चहासाठी हाक मारतंय.