तीन कळा आणि एक स्क्रिप्ट

[पडद्यावर: कोरं पान, लुकलुकणारा कर्सर. सेमीकोलन, डी, टी आणि स्पेस. त्या जागी आजची तारीख उमटते.]

तीन कळा दाबल्या, मग स्पेस. टाइप केलेलं पुसलं गेलं आणि तिथे तारीख आली. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे झालं, म्हणून तेच आता सावकाश पाहू.

विंडोजवर हे काम ऑटोहॉटकी हा मोफत प्रोग्राम करतो. क्रिस मॅलेट यांनी तो २००३ मध्ये आणला. त्याची स्क्रिप्ट, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञांची फाइल, पार्श्वभूमीत चालू असते आणि कीबोर्डवरून आलेली शेवटची काही अक्षरं लक्षात ठेवते. कीवर्ड, म्हणजे आपण ठरवलेली छोटी खूण (इथे सेमीकोलन-डी-टी), जुळला आणि पाठोपाठ स्पेस, एंटर किंवा विरामचिन्ह आलं, की ती तीन वेळा बॅकस्पेस पाठवते आणि मग मजकूर. समोरच्या अ‍ॅपला स्क्रिप्टचा पत्ताच नसतो. त्याला वाटतं, कुणीतरी फार भराभर टाइप करतंय. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचे बहुतेक घोटाळे याच एका गोष्टीतून येतात.

[पडद्यावर: स्क्रिप्टची फाइल.]

लिहिण्याची पद्धत सोपी आहे. दोन कोलन, कीवर्ड, पुन्हा दोन कोलन आणि त्याच ओळीत पूर्ण मजकूर. पत्ता, सही, नेहमीचं उत्तर यांना एवढं पुरतं. तारखेसारखी दर वेळी बदलणारी गोष्ट हवी असेल, तर मजकुराऐवजी महिरपी कंस आणि त्यात आज्ञा. इथे एक बारीक जागा आहे. तारखेच्या साच्यात महिन्यासाठी मोठे दोन एम लागतात. लहान एम म्हणजे मिनिटं. पावणेअकराला चुकीचा साचा चालवला, तर तारखेत महिना म्हणून ४५ येतो. पाच वाजून सात मिनिटांनी मात्र ०७ येतो आणि तो अगदी खरा वाटतो. म्हणून साचा तपासताना घड्याळाकडेही पाहा.

नेटवरून उचललेली स्क्रिप्ट चालत नसेल, तर आधी आवृत्ती बघा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत व्याकरणच बदललं आहे. जुन्या पद्धतीत आज्ञेनंतर स्वल्पविराम देऊन मजकूर तसाच लिहीत, आता तो अवतरणचिन्हांत लागतो. आपल्या फाइलच्या पहिल्या ओळीत कोणती आवृत्ती हवी ते लिहून ठेवावं. चुकीच्या आवृत्तीत उघडली, तर ती तिथेच सांगते.

कीवर्ड निवडताना घाई करू नका. साध्या लिखाणात कधीच येणार नाही, असाच तो हवा. नुसतं डीटी घेतलं, तर एखाद्या यादीत ती दोन अक्षरं आली की तारीख टपकणार. आधी सेमीकोलन लावला की हा धोका जवळजवळ संपतो. आणि कीवर्डच्या आधीच्या दोन कोलनांमध्ये तारांकन लावून स्पेसची अट काढण्याचा मोह टाळा. मग डीटी आणि डीटीएल असे दोन कीवर्ड ठेवताच येत नाहीत, कारण पहिलाच आधी पेटतो.

[पडद्यावर: कीबोर्डचा लेआउट मराठीवर जातो. त्याच तीन कळा. 'च', हलन्त, दीर्घ उकार.]

मराठीत लिहिणाऱ्यांना हे हमखास भेटतं. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा कीबोर्ड लेआउट चालू असताना सेमीकोलनच्या कळेवर च येतो, डीवर हलन्त, टीवर दीर्घ उकार. स्क्रिप्ट अक्षरं जुळवते, आणि सेमीकोलन-डी-टी तिच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. उपाय एकच: त्याच कामासाठी देवनागरी कीवर्डची दुसरी ओळ लिहायची. बाहेर पडणाऱ्या मजकुराला मात्र लेआउटची अडचण येत नाही, देवनागरी नीट उमटते.

मजकुरातली काही चिन्हंही फसवतात. उद्गारचिन्ह म्हणजे ऑल्ट, अधिक म्हणजे शिफ्ट, हॅश म्हणजे विंडोजची कळ, असा अर्थ स्क्रिप्ट लावते. म्हणून कीवर्डच्या आधीच्या दोन कोलनांमध्ये टी हा पर्याय टाकायचा. मग सगळं जसंच्या तसं जातं.

[पडद्यावर: कीवर्ड टाइप होतो. नोटपॅड उघडतं, पण मजकूर मागच्याच खिडकीत पडतो.]

आता मोठं काम: कीवर्ड दिला की अ‍ॅप उघडावं, मजकूर लिहावा आणि फाइल जतन व्हावी. इथे बहुतेक जण अ‍ॅप उघडण्याची आज्ञा देतात, दोन सेकंद थांबतात आणि लिहायला लागतात. हे दोन सेकंद म्हणजे निव्वळ अंदाज. एखाद्या दिवशी खिडकीला तीन सेकंद लागतात, आणि सगळा मजकूर मागे उघड्या असलेल्या पत्रात जातो. सेकंद मोजू नका, खिडकीची वाट पाहा. अमुक खिडकी समोर येईपर्यंत थांब, पाच सेकंदांत आली नाही तर संदेश दाखव आणि काम सोड, अशी आज्ञा आहे. खिडकी ओळखायची ती शीर्षकावरून नको, प्रोग्रामच्या फाइलच्या नावावरून. शीर्षक विंडोजच्या भाषेनुसार बदलतं. जतन करण्याची चौकट उघडल्यावरही तशीच वाट पाहायची. फाइलच्या नावात तारीख घालताना तिरकी रेघ किंवा कोलन चालत नाही, मध्ये आडवी रेघ द्या. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर बदलू का, असा प्रश्न येतो आणि स्क्रिप्ट तिथे अडते.

खरं तर एवढ्यासाठी नोटपॅड उघडूच नये. विंडोज ११ मधलं नोटपॅड मागचे टॅब पुन्हा उघडतं, त्यामुळे मजकूर जुन्या फाइलमध्येही जाऊ शकतो. थेट फाइलच्या शेवटी ओळ जोडण्याची आज्ञा स्क्रिप्टमध्ये आहे. खिडकी नाही, वाट पाहणं नाही. फक्त एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. एखादं अ‍ॅप उघडण्यावाचून गत्यंतरच नसेल, तेव्हाच कळा पाठवा. माउसच्या ठिकाणांवर क्लिक हा अगदी शेवटचा मार्ग. पडद्याचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं किती मोठी दिसावीत ते प्रमाण, १०० वरून १२५ टक्के केलं, की बटणं सरकतात आणि क्लिक दुसरीकडेच पडतो.

कधी कीवर्ड सगळीकडे चालतो आणि एकाच अ‍ॅपमध्ये काहीच होत नाही, चूकही दिसत नाही. ते अ‍ॅप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का ते बघा. साध्या अधिकाराच्या स्क्रिप्टच्या कळा विंडोज अशा खिडकीपर्यंत पोहोचू देत नाही.

पासवर्डसाठी कीवर्ड करू नका. स्क्रिप्ट ही साधी मजकुराची फाइल आहे, ती कुणीही उघडून वाचू शकतं.

[पडद्यावर: टास्कबारच्या कोपऱ्यात हिरव्या चौकोनातला एच.]

फाइलमध्ये बदल केला की या चिन्हावर उजवं क्लिक करून स्क्रिप्ट पुन्हा लोड करा, तोवर जुनीच चालू असते. आणि कोणताही मोठा कीवर्ड पहिल्यांदा चालवण्याआधी कंट्रोल, ऑल्ट आणि क्यू या तिन्ही कळांना स्क्रिप्ट बंद करण्याची आज्ञा जोडा. मजकूर भलत्या खिडकीत वाहायला लागला, तर माउसने ते चिन्ह शोधेपर्यंत उशीर झालेला असतो.