लोकरीच्या गादीवरच्या बाई

(ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या महाराष्ट्र दिनाच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

समितीची सूचना आहे की जेवणाच्या आधी संपवा. कढीचा वास इथपर्यंत आलाय, तेव्हा मी फार ताणणार नाही.

आज १ मे. २०२०च्या १ मेला आपण सगळे घरात कोंडलेले होतो. त्याच दिवशी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधून, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहातून, एक बाई निवृत्त झाल्या. काउंटेस ऑफ मार. नाव ऐकून काही जण हसताहेत, मीही हसलो होतो. पण ‘मार’ हा स्कॉटलंडमधला जुना मुलूख, आणि तिथली ही सरदारकी तिथल्या सर्वांत जुन्या सरदारक्यांपैकी एक. इतकी जुनी की तिच्यावरून एकोणिसाव्या शतकात जबरदस्त भाऊबंदकी झाली. आधीचे अर्ल, म्हणजे तिथले सरदार, निपुत्रिक वारले, एकीकडे भाचा आणि दुसरीकडे दूरचे भाऊबंद. शेवटी १८८५ साली संसदेला खास कायदा करावा लागला, आणि तेव्हापासून ‘मार’च्या सरदारक्या दोन झाल्या. बांधावरून भांडणारे फक्त आपणच नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरी पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. २०१७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या जिल्ह्यात काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. कापसावर फवारणी करता करता माणसं कोसळली. वीसहून अधिक मेली, शेकडो दवाखान्यात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा वर धरावा लागायचा आणि तो तोंडावरच यायचा. उकाडा प्रचंड, अंगात साधा सदरा, पाय उघडे. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तोही त्यात होता. वाचला. फोनवर म्हणाला, “डोयानं धुक्यासारखं दिसे, तोंडाले लाळच लाळ.” दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध मारलं? त्याला सांगता येईना. तीन डब्यांतलं बादलीत ओतून काडीनं ढवळलं होतं. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात, हेही लक्षात घ्या.

त्या रात्री मी इथे घरी बसून इंटरनेटवर शोधत होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट नावाची कीटकनाशकं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस हे सगळं त्याच खानदानातलं. ही रसायनं मज्जातंतूंचा निरोप थांबवणारं एन्झाइम बंद पाडतात. निरोप गेला की थांबायला हवा, तो थांबतच नाही. स्नायू फडफडतात, घाम, लाळ, शेवटी श्वास. युद्धातले नर्व्ह गॅस याच कुळातले. हे वाचता वाचता मी ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या नोंदीत, म्हणजे हॅन्सार्डमध्ये जाऊन पडलो. तिथे एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. काउंटेस ऑफ मार विचारतात की सरकारला माहीत आहे का. काउंटेस ऑफ मार विचारतात की सरकार कधी सांगणार. पानंच्या पानं.

बाई वूस्टरशरमध्ये शेती करायच्या. शेळ्या पाळून चीज बनवायच्या, मेंढ्याही होत्या. १९७५ साली वडील गेले, धाकटा भाऊ आधीच गेलेला, म्हणून सरदारकी यांच्याकडे आली. आणि तिच्याबरोबर वरिष्ठ सभागृहात बसायचा हक्क. त्या वेळी त्या टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. वंशपरंपरेने उमराव झालेल्या बायकांना त्या सभागृहात बसायला मिळालं ते १९६३पासून. गंमत बघा, आपल्याकडे पाटीलकीचं वतन मोडणारा कायदा १९६२चा. आपण वतनं मोडत होतो तेव्हा हे लोक वतनाच्या खुर्चीवर बायकांना बसवत होते.

इथल्या मेंढ्यांना खरूज होते, एका किड्यामुळे. त्यावर उपाय म्हणजे मेंढीला औषधी पाण्याच्या हौदात ढकलायचं, डोकंसुद्धा एकदा आत दाबायचं आणि पलीकडून बाहेर काढायचं. मेंढी अंग झटकते, माणूस भिजतो. हे कोणाच्या मर्जीवर नव्हतं, सरकारी सक्ती होती. आणि त्या पाण्यात ऑर्गॅनोफॉस्फेट असायचं. १९८९ साली मेंढ्या बुडवताना बाईंच्या पायावर ते द्रावण उडालं. काही आठवड्यांनी डोकं, स्नायू, थकवा असं सगळं सुरू झालं आणि कशामुळे ते सांगता येईना.

म्हणजे माझ्या दादाच्या आणि या काउंटेसच्या अंगात एकाच कुळातलं विष गेलं होतं. फरक इतकाच की बाईंना दुसऱ्या दिवशी उठून मंत्र्याला विचारता येत होतं.

आणि त्यांनी विचारलं. लॉर्ड्समध्ये लेखी प्रश्न टाकता येतात. आपल्याकडे विधिमंडळात तारांकित-अतारांकित असतात ना, तसेच. मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं आणि ते छापलं जातं. बाईंची पद्धत एखाद्या चिवट तलाठ्यासारखी. किती शेतकऱ्यांनी तक्रार केली? त्यांची नोंद कुठे ठेवता? कोणत्या रसायनाची? चाचण्या कोणी केल्या आणि पैसे कोणी दिले? उत्तर गुळमुळीत आलं की त्याच उत्तरातला शब्द पकडून पुढचा प्रश्न. १९९२ साली मेंढ्या बुडवण्याची सक्ती गेली. पुढे ते औषध विकत घ्यायला प्रशिक्षणाचा दाखला लागू झाला. १९९९च्या अखेरीस तर माल बाजारातून काढून घेतला, हाताला न लागता ओतता येईल असे डबे येईपर्यंत. हे सगळं एकट्या बाईंनी केलं असं मी म्हणणार नाही. आजारी शेतकऱ्यांच्या संघटना होत्या, डॉक्टर होते. आणि ऑर्गॅनोफॉस्फेटवर पूर्ण बंदी काही त्यांना आणता आली नाही, ते औषध या देशात अजून मिळतं. पण पाठपुरावा कसा करतात ते बघायचं असेल तर ती पानं वाचा.

आखाती युद्धाहून परतलेले आजारी सैनिक हा त्यांचा दुसरा विषय. तंबूंत माश्या-डासांसाठी तीच कीटकनाशकं फवारली होती. ती किती वापरली याबद्दल संसदेला आधी दिलेली माहिती चुकीची होती, हे संरक्षण खात्याला १९९६ साली कबूल करावं लागलं. तिसरा विषय एम.ई.चा, म्हणजे वर्षानुवर्षं न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचा. ‘हळूहळू व्यायाम वाढवा, बरं वाटेल’ या उपचाराला आधार देणाऱ्या एका मोठ्या चाचणीवर त्यांनी २०१३ साली लॉर्ड्समध्ये चर्चा घडवली. चाचणीवाल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांची तिथे कमी नव्हती. २०२१ साली इथल्या आरोग्य संस्थेने त्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या.

या सगळ्यात त्या कोणत्याच पक्षाच्या नव्हत्या. लॉर्ड्समध्ये सत्ताधारी आणि विरोधी बाकं समोरासमोर असतात आणि त्यांना आडवी काही बाकं असतात, क्रॉसबेंच. तिथे बसणाऱ्याला व्हिप नसतो. आपल्याकडे अपक्ष म्हटलं की बहुमताची बेरीज आणि रिसॉर्टची बस आठवते. इथल्या या अपक्षांना कोणी रिसॉर्टला नेत नाही, कारण त्यांच्या मतांवर सरकार पडत नाही. पगारही नाही, हजेरीचा भत्ता फक्त. शेतीखात्याला अडचणीत आणू नका, निवडणूक जवळ आलीय, असं बाईंना सांगणारा कोणी साहेबच नव्हता.

बाई काही वर्षं उपसभापतीही होत्या. तिथला अध्यक्ष खुर्चीवर बसत नाही, लोकर भरलेल्या मोठ्या लाल गादीवर बसतो. इंग्लंड लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालं, त्याची ती आठवण. मेंढी बुडवताना आजारी पडलेली बाई त्या लोकरीवर बसून सभागृह चालवायची, हे मला फार आवडतं.

आता कोणी म्हणेल, तू काय सरदारांची तरफदारी करतोस? नाही बुवा. बापाची खुर्ची पोराला, हे कायद्यात असूच नये. १९९९ साली साडेसातशेच्या आसपास वंशपरंपरागत सदस्य होते. त्यांतले ९२ ठेवून बाकीच्यांना घरी पाठवलं, त्या ९२मध्ये बाई होत्या. निवडणुकीसाठी उमेदवारांना आपली माहिती ७५ शब्दांत लिहायची मुभा होती. जागा रिकामी झाली की सरदारच सरदाराला निवडायचे. २०१६ साली एका पोटनिवडणुकीत मतदार तीन आणि उमेदवार सात होते! आमच्या गावच्या सोसायटीत असं झालं असतं तर लोक दगड घेऊन आले असते. शिवाय बहुतेक सरदारक्या मुलाकडेच जातात, त्यामुळे बाई गेल्यावर त्या गटात एकही स्त्री उरली नाही. २०२४ साली उरलेल्या जागाही काढून टाकायचं विधेयक सरकारने आणलं, ते योग्यच होतं.

माझी अडचण वेगळी आहे. दार चुकीचं होतं, पण त्या दारातून आत आलेली एक बाई वीसेक वर्षं एकच विषय सोडत नव्हती. २०१७ साली यवतमाळच्या प्रकरणावर आपल्याकडेही विशेष तपास पथक नेमलं, विधिमंडळात गदारोळ झाला. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी होती, कापसावर मात्र ते चालत होतं. हाच एक धागा धरून दर अधिवेशनात, पेपरात बातमी नसतानाही, प्रश्न टाकत राहणारं कोणी असायला हवं होतं. विधान परिषदेत अठ्ठ्याहत्तर जागा आहेत. त्यांत बारा राज्यपालनियुक्त. त्या बारा कोणाला द्यायच्या यावरून किती वर्षं वाद चालतो ते तुम्ही बघताच.

मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा दादाला या बाईंची गोष्ट सांगितली. काउंटेस म्हणजे काय ते समजावताना माझी भंबेरी उडाली, शेवटी देशमुखीण म्हणून भागवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “थे नावच तं महत्त्वाचं हाये ना, कोणतं औषध थे.” ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर अॅट्रोपिन देतात, दुसरं काही असेल तर उपचार वेगळा, हे त्याला दवाखान्यात कोणीतरी सांगितलं होतं. त्याने खुंटीवरचा सदरा काढला आणि खिशातून घामाने मऊ झालेला कागदाचा तुकडा दाखवला. डब्यावरचं लेबल. आता फवारणीला निघताना तो ते आधी फाडून खिशात ठेवतो.